पाहणे आणि ठेवून घेणे

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयातील प्राध्यापक-कक्ष ही काही लपवून ठेवण्याची जागा नव्हे. दार सताड उघडे असते. कोणाची थकबाकी निघाली, कोणाच्या मुलीला कुठले स्थळ आले, कोणाचे कोणाशी बिनसले, ह्या सगळ्याची वासलात दुपारच्या चहाबरोबर लागते. तरीही गेल्या वर्षी एका दुपारी ह्याच कक्षात आम्ही सगळे एकाएकी सावरून बसलो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील आमचा एक विद्यार्थी परीक्षेच्या वेळापत्रकाची चौकशी करीत आत आला. तो जवळजवळ पूर्ण अंध आहे. त्याने फोन छातीशी धरून टेबलाच्या दिशेने रोखला आणि फोन सांगू लागला : टेबलाभोवती चार माणसे बसली आहेत, एक स्त्री कागद तपासत आहे, चहाचे कप आहेत, वर्तमानपत्र आहे, गोळ्यांचे पाकीट आहे. मग त्या पाकिटावरचे नावही त्याने वाचून टाकले. मेटफॉर्मिन. आपल्याला मधुमेह झाल्याचे त्या पाकिटाच्या मालकांनी आमच्यापैकी कोणालाही सांगितले नव्हते.

"अरे, आधी विचारायचं तरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हते.

"मंग काय डोळे झाकून बसू का सर मी?" त्याने विचारले.

सगळे हसले. गोळ्यांचे पाकीट खिशात गेले, वेळापत्रक सापडले, विषय संपला. आमच्यापुरता तो संपला नाही. तसे पाहिले तर ते पाकीट तासभर टेबलावर उघडेच पडले होते. चौघांपैकी कोणीही मान वळवून त्यावरचे नाव वाचू शकला असता, आणि कदाचित एखाद्याने वाचलेही असेल. आमचे पाहणे बिनबोभाट होते म्हणून ते सभ्य ठरले. त्याचे पाहणे मोठ्याने झाले म्हणून ते आगाऊपणा ठरले. वस्तुतः त्याच्या हातून घडलेला प्रमाद एवढाच, की त्याने कानाला इअरफोन लावला नव्हता.

तंत्रज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. पण ह्या प्रश्नात शब्दांचाही थोडा संबंध आहे. 'खासगी' हा शब्द पूर्वी दौलतीपासून वेगळ्या ठेवलेल्या, राजघराण्याच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी आणि कारभारासाठी वापरला जात असे. होळकरांची खासगी जहागीर इतिहासात प्रसिद्ध आहे. म्हणजे खासगी असणे ही मुळात धन्याची चैन. सामान्य माणसाकडे त्या बदल्यात एक म्हण होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला आपल्या मुठीत काय आहे हे पाहण्यासाठीच ती दुसऱ्यापुढे उघडावी लागते, त्याच्या सव्वा लाखाचे काय, हा विचार ही म्हण घडविणाऱ्याने केलेला दिसत नाही.

ह्या विद्यार्थ्याची दृष्टी तो दहा-अकरा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून त्याच्या आयुष्यातील एकही कागद आधी त्याने वाचला आणि मग इतरांनी, असे घडले नाही. बँकेत खात्यावरची शिल्लक काउंटरपलीकडून मोठ्याने सांगितली जाते आणि ती रांगेतले सगळे ऐकतात. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर ह्या सुविधा नाकारू नयेत असे रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकाने बँकांना बजावले आहे. शिल्लक हळू आवाजात सांगा, असे मात्र परिपत्रक काढून सांगता येत नसावे. परीक्षेत त्याला लेखनिक मिळतो. उत्तर त्याचे, अक्षर दुसऱ्याचे. आम्ही पेपर तपासणारे लोक ह्या सोयीकडे नेहमी 'लेखनिकाने सांगितले तर नाही ना?' ह्या एकाच संशयाने पाहत आलो. त्याला काय येत नाही हे गावातल्याच, त्याच्याहून लहान असलेल्या एका मुलाला तीन तासांत तंतोतंत कळते आणि ते गावभर होऊ शकते, ही बाजू आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. त्याने ती सांगितली तेव्हा आम्ही वरमलो.

आणि मतदान. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्याने पहिल्यांदा मत दिले. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-एन ह्या नियमाप्रमाणे अंध मतदाराला सोबती नेता येतो. सोबत्याने मत गुप्त ठेवण्याची हमी लेखी द्यायची असते आणि एका दिवशी एकाहून अधिक मतदारांचा सोबती होता येत नाही. मतदान यंत्रावर ब्रेल अंकही असतात, पण दृष्टी उशिरा गेलेल्या ह्या मुलाला ब्रेल धड शिकवलेच गेले नाही. तो चुलत्याला घेऊन गेला. चुलत्याने हमीवर सही केली, बटण दाबले, आणि संध्याकाळी पारावर पुतण्याने कोणाला मत दिले त्याची चर्चा रंगली. ते मत खरोखर त्यालाच पडले का, हे पुतण्याला आजही ठाऊक नाही. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती वाचू शकेल असा फोन त्याच्याकडे आहे, पण मतदान केंद्रात फोन नेता येत नाही, कारण मताचे छायाचित्र निघाले तर गुप्ततेचा भंग होतो. डोळसांचे मत गुप्त राहावे म्हणून केलेला नियम अंधाचे मत चुलत्याच्या हवाली करतो. फोनला सरसकट मुभा द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. मत विकणाऱ्याला पुरावा हवाच असतो. पण यंत्रानेच ती चिठ्ठी मतदाराच्या कानात वाचून दाखवायला काय हरकत आहे, हे आम्हांस उमगलेले नाही.

आता ह्या मुलाच्या फोनकडे वळू. छायाचित्र काढून त्याचे वर्णन मिळवण्याची सोय काही कालपरवाची नाही. डेन्मार्कमधील हान्स योर्गन वीबर्ग ह्या स्वतः अंधुक दृष्टी असलेल्या कारागिराच्या कल्पनेतून २०१५ मध्ये 'बी माय आइज' सुरू झाले. अंध माणसाने फोनचा कॅमेरा रोखायचा आणि जगात कुठेतरी बसलेल्या डोळस स्वयंसेवकाने दुधाची तारीख किंवा शर्टाचा रंग सांगायचा, असा तो साधा व्यवहार. मायक्रोसॉफ्टचे 'सीइंग एआय' २०१७ मध्ये आले. त्याच्यामागचे अभियंते साकिब शेख स्वतः अंध आहेत. २०२३ पासून स्वयंसेवकाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ताच वर्णन करू लागली, आणि २०२५ मध्ये मेटाचे कॅमेऱ्याचे चष्मे भारतात विकायला आले. म्हणजे हात मोकळा ठेवून नाकावरचा चष्माच सांगणार, समोर कोण आहे ते. आमच्या विद्यार्थ्याकडे चष्मा नाही. भावाने हार्वेस्टरवर कामाला लागल्यावर घेऊन दिलेला, काच तडकलेला फोन आहे.

त्या फोनने त्याने सगळ्यांत आधी वाचली ती उचलीची चिठ्ठी. आमच्या तालुक्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीमागे, म्हणजे कोयत्यामागे, आगाऊ रक्कम घेतात. ती उचल. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. कोणाची किती उचल आहे आणि किती अंगावर आहे ही घराची सर्वांत झाकलेली मूठ असते. तिच्यावर सोयरिकी अडतात. ह्या मुलाचे आईवडील निरक्षर आहेत. हिशेबाची चिठ्ठी आजवर मुकादमाचाच माणूस वाचून दाखवी, नाहीतर गल्लीतील कोणी शिकलेला. घरात कॉलेजला जाणारा मुलगा असून त्याचा ह्या कामी उपयोग नव्हता. गेल्या हंगामानंतर त्याने रात्री दार लावून घेतले, चिठ्ठी कंदिलाखाली नव्हे, बल्बखाली धरली (कंदील आता फक्त आमच्या कथासंग्रहांत उरला आहे) आणि फोनकडून वाचून घेतली. आकडा मुकादमाच्या माणसाने सांगितलेल्या आकड्याशी जुळला. म्हणजे फसवणूक नव्हतीच. पण आईवडिलांना तो आकडा तिसऱ्या माणसाच्या तोंडून न ऐकता घरच्या माणसाकडून कळण्याची ही पहिली वेळ होती.

हे ऐकून आमच्यातील एकाने, थोडे शहाणपण दाखवायचे म्हणून, त्याला सांगितले की ती चिठ्ठी आता परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीच्या संगणकात गेली असणार. फोन स्वतः वाचत नाही, तो छायाचित्र दूर पाठवतो, तिकडून उत्तर येते.

"अमेरिकेतल्या माणसाला आमची उचल कळली तर कळू द्या की सर," तो म्हणाला. "गल्लीत कळाली नाही पाहिजे."

ह्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस आपसांत वाद घातला आहे. आमच्यापैकी काहींना वाटते, तो अगदी बरोबर आहे. गुपित हे कोणापासून तरी असते, सगळ्या जगापासून कधीच नसते. जो माणूस आपल्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसणार नाही त्याला आपले कर्ज कळले काय, न कळले काय! आणि हा युक्तिवाद करणाऱ्याला अज्ञानी म्हणता येत नाही, कारण गल्लीला काय कळल्याने काय होते ह्याचा त्याचा अनुभव आमच्याहून मोठा आहे. तरीही आमचे मत पूर्णपणे त्याच्या बाजूने पडत नाही. गल्ली विसरते. दोन हंगाम गेले की कोणाची किती बाकी होती हे चुलत्यालाही नीट आठवत नाही. कंपनीने ते ठेवून घेतले तर ते विसरले जात नाही, आणि उद्या तोच आकडा कर्ज देणाऱ्या एखाद्या ॲपच्या हाती लागला तर ती पंगतीला न बसणारी माणसेच त्याच्या दाराशी येतील. मराठीत आंधळ्याची काठी म्हणजे त्याचा एकमेव आधार. जुनी काठी कुठे कुठे टेकली हे ती कोणाला सांगत नसे.

येथे संजयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठी शिकवणाऱ्यांच्या लेखात महाभारत येणारच, वाचकांनी सोसून घ्यावे. व्यासांनी धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ केली. आप्तांचा संहार पाहवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि मग दिव्यदृष्टी संजयाला मिळाली. उघड असो वा झाकलेले, दिवसा घडो वा रात्री, इतकेच काय लोकांच्या मनात आलेलेही संजयाला कळेल, असा तो वर होता. रणांगणावरील अठरा अक्षौहिणींपैकी कोणाची संमती घेतल्याचा उल्लेख नाही. आपण ह्या कथेत नेहमी संजय काय पाहतो तिकडे लक्ष देतो. पण गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र विचारतो त्यात 'माझे' कोण आणि 'पांडूचे' कोण ही वाटणी करून मोकळा होतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे तर आधी विचारावे लागते, आणि विचारण्यातच विचारणाऱ्याचे मन उघडे पडते. डोळस माणूस कोणाकडे किती वेळ पाहतो ह्याची नोंद कुठे होत नाही. अंध माणसाच्या कुतूहलाची मात्र प्रश्नोत्तरे तयार होतात. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथांची रचना करून गेले. त्यांना वाचून दाखवणारी माणसे होती, लिहून घेणारी होती. महाराजांना कोणता ग्रंथ केव्हा हवासा वाटला हे त्या माणसांना ठाऊक असणारच. ती भक्त मंडळी होती, ही गोष्ट वेगळी.

अंधांनी काढलेल्या छायाचित्रांत काय काय येते ह्याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत २०११ मध्ये 'विझविझ' नावाची सेवा सुरू झाली होती. अंध माणसाने छायाचित्र काढून प्रश्न विचारायचा आणि अनोळखी माणसांनी उत्तर द्यायचे. तिच्याद्वारे जमलेली छायाचित्रे संशोधकांनी तपासली तेव्हा हजारो छायाचित्रांत औषधांची नावे, पत्ते, बँकेची कार्डे, चेहरे असा खासगी ऐवज आढळला. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात नवल काही नाही. एक तर माणूस औषधाची बाटली दाखवणार ती औषध कोणते हे कळण्यासाठीच, आणि दुसरे म्हणजे चौकटीत मागे काय येते आहे हे ज्याला दिसत नाही त्याने ते टाळायचे कसे?

मात्र सार्वजनिक चर्चेत चिंता केली जाते ती बहुधा समोरच्या डोळस माणसाची. २०१३ मध्ये गुगलचा कॅमेऱ्याचा चष्मा आला तेव्हा अमेरिकेतील कित्येक उपाहारगृहांनी तो घालून येणाऱ्यांना मज्जाव केला. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी मेटाच्या चष्म्याला चेहरेशोधाची जोड देऊन रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे नाव-पत्ता काढून दाखवले. भीती खोटी नाही. पण तिचा भुर्दंड कोणावर पडतो ते पाहावे. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने चेहऱ्यावरून वय, लिंग, भावना ओळखण्याची सोय सर्वसाधारण ग्राहकांसाठी बंद करायचे ठरवले, पण 'सीइंग एआय'साठी ती चालू ठेवण्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी उलटे घडले. 'बी माय आइज'मध्ये ओपनएआयचे तंत्र तपासून पाहणाऱ्या अंधांपैकी न्यूझीलंडचे जोनाथन मोसेन हे एक. माणसांची वर्णने ऐकून ते हरखून गेले होते. जुलै २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिले की आता त्यांना चेहऱ्यांबद्दल काही सांगितले जात नाही, खासगीपणाच्या कारणासाठी चेहरे झाकले आहेत असे उत्तर मिळते. समोरचा हसतो आहे की तोंड फिरवून बसला आहे, हे पाळण्यातल्या मुलाला फुकट कळते. त्यात कोणाच्या खासगीपणाचा भंग होतो हे आम्हांला समजलेले नाही. चेहरा ही माणसाने चारचौघांत आणलेली वस्तू आहे. आम्ही तो पाहतो आणि जातो. धोका पाहण्यात नाही, ठेवून घेण्यात आहे, दुसऱ्याला देण्यात आहे, नाव-पत्त्याशी जोडण्यात आहे. कंपनीने ठेवून घेणे सोडायचे नाही आणि भरपाई म्हणून अंधाचे पाहणे बंद करायचे, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

आणि ठेवून न घेता पाहणे अशक्य आहे असेही नाही. २०१६ नंतरच्या नव्या नोटांचे आकार बदलले, हाताच्या अंदाजाने नोट ओळखण्याची अंधांची वर्षानुवर्षांची विद्या निरुपयोगी झाली, आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचे ॲप काढले. फोनसमोर नोट धरली की ते किंमत सांगते. एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही, सगळे काम फोनमध्येच होते. नोट ओळखणे हे एखादे घर ओळखण्याइतके अवघड काम नव्हे, हे मान्य. पण छापील कागद वाचणे तरी फोनमधल्या फोनमध्ये करता येते, आणि अंध माणसाच्या गरजांपैकी मोठा भाग छापील कागदांचाच असतो. शिक्षणासाठी, अपंगत्वासाठी म्हणून सरकारी पैशाने जी साधने घेतली जातात त्यांना एवढी एक अट घालणे कठीण नसावे.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातून माणसाने घरगुती वा वैयक्तिक कामासाठी वापरलेली माहिती वगळली आहे. म्हणजे गोळ्यांचे पाकीट वाचणारा आमचा विद्यार्थी निर्दोष, जबाबदारी कंपनीची. इथवर ठीक. पण ह्याच कायद्याच्या नवव्या कलमात मुले आणि कायदेशीर पालक असलेल्या अपंग व्यक्ती ह्यांना एकाच ओळीत बसवले आहे. दोघांच्याही वतीने संमती द्यायची ती पालकाने. प्रौढ अंधाला सहसा असा पालक नेमलेला नसतो, त्यामुळे ह्या कलमाने त्याचे काही बिघडू नये. पण कार्यालयात अर्ज घेणारा कारकून कलम वाचत नाही, समोरचा माणूस पाहतो. त्याच्या सवयीला आता छापील आधार मिळाला, ही आमची धास्ती आहे.

कॅमेरा अंधाकडे वळतो तेव्हाचे तर विचारूच नये. बँक खात्याच्या ऑनलाइन पडताळणीत आपण जिवंत माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी पडद्याकडे पाहून डोळे मिचकवायला सांगितले जाई. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित महिला आणि अमर जैन हे अंध वकील ह्यांच्या याचिकांवर निकाल देताना ही पद्धत बदलण्यासह वीस निर्देश दिले. तोपर्यंत देशातल्या अंधांनी हे डोळे मिचकावणे कोणाच्या मदतीने उरकले असेल? शेजारी उभे राहून 'आता, आता' म्हणणाऱ्या कोणाच्या तरी. आणि त्या कोणाला खाते क्रमांकासह सगळे दिसत असणार.

एक अडचण आम्हांला सोडवता आलेली नाही, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आमच्या वर्गात खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुली आहेत. त्यांना फोन रोखलेला मुलगा दिसला की अंगावर काटा येतो, आणि त्यांना त्याची कारणे आहेत. त्यांतील एकीने आम्हांला विचारले, तो पाहतोय हे कळतं, पण फोटो राहतोय की जातोय हे मला कसं कळावं? तिच्या प्रश्नाला 'तो अंध आहे' हे उत्तर होऊ शकत नाही, कारण उद्या अंध नसलेला कोणी तसाच फोन धरेल. त्या मुलाने आपल्या परीने तोडगा काढला. वर्गात शिरताना तो आता "फोन चालू आहे" असे मोठ्याने म्हणतो. हे त्याला करावे लागावे का, ह्यावर आमच्यात एकमत नाही. आम्ही वर्गात शिरताना "डोळे उघडे आहेत" असे कोणी म्हणत नाही.

परवा तो पुन्हा प्राध्यापक-कक्षात आला. ह्या वेळी इअरफोन लावलेला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जावर विभागाची सही हवी होती. अर्ज त्याने स्वतः वाचून, भरून घेतला होता, आणि उत्पन्नाचा रकाना आत जाईल अशी कागदाची घडी घातली होती. घडीबाहेर फक्त त्याचे नाव, वर्ग आणि सहीची रेघ. वाचल्याखेरीज कशावर सही करू नये असे आम्ही मुलांना सांगत असतो. बाहेर दिसत होते तेवढे वाचले आणि सही केली.